पस्तीस महिने : नागपूरच्या महाल भागातल्या एका आईचा हिशोब

महालची_आई
११ जानेवारी २०२६, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. मी दुकानदारांची जीएसटीची रिटर्नं भरते. आज ११ तारीख, मंथलीवाल्यांचे जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीची रिटर्नं, आत्ता संपले, क्वार्टरलीवाल्यांचं १३ ला आहे म्हणून आज थोडा श्वास घ्यायला जागा आहे. पोरं झोपली. बरेच दिवसांपासून लिहायचं मनात होतं.

आर्थिक स्वातंत्र्यावरचे धागे मी सगळे वाचत असते. बहुतेक लिहिणारे दोघं कमावणारे, आयटीतले, पंचेचाळिशीत काम सोडू म्हणणारे. त्यांचं चूक आहे असं नाही, पण माझ्यासारखीला त्या आकड्यांत पाय ठेवायला जागा सापडत नाही. म्हणून माझा हिशोब मांडते, कोणाला तरी कामी येईल.

फेब्रुवारी २०१७ मध्ये हे गेले. हार्ट अटॅक, वय ४१. इतवारीत इलेक्ट्रिकल सामानाचं छोटं दुकान होतं, भाड्याचं. लेक सात वर्षांची, मुलगा तीनचा. मी बीकॉम झालेली, पण लग्नानंतर नऊ वर्षं घरीच. घर सासूबाईंच्या नावावर आहे महालात, त्यामुळे डोक्यावर छप्पर होतं, ही गोष्ट मी कधी विसरत नाही. सासरे एम्प्रेस मिलमध्ये होते, ते आधीच गेलेले, आईंना (सासूबाईंना मी आईच म्हणते) पेन्शन महिन्याला हजार रुपये.

तेराव्यानंतर मी यांची पत्र्याची पेटी उघडली. त्यात काय होतं तर दोन जुन्या विमा पॉलिसी, दोन्ही मिळून तीन लाखाच्या, एका पतसंस्थेची दोन लाख दहा हजारांची पावती, आणि एक लाल कापडी पुठ्ठ्याची वही. वहीत यांच्या अक्षरात नावांच्या जागी नुसती आद्याक्षरं आणि पुढे आकडे. कोणाचे घ्यायचे आणि कोणाला द्यायचे हे मला कळेचना. रात्री दीड वाजेपर्यंत मी आणि आई ती वही घेऊन बसलो. आईंना लिहिता-वाचता जेमतेम येतं पण त्यांना माणसं माहीत होती, त्या सांगत गेल्या हा 'रा' म्हणजे अमका, हा 'गु' म्हणजे तमका, मी पेन्सिलने लिहीत गेली. शेवटी बेरीज आली, होलसेलवाल्यांचे द्यायचे साडेचार लाख. घ्यायचे होते त्यातले बहुतेक आलेच नाहीत.

बँकेत चालू खात्याला नॉमिनी नव्हता. शपथपत्र, बंधपत्र, सगळ्या वारसांच्या सह्या, चार महिने चपला झिजवल्या. एटीएमचा पिन मला माहीत नव्हता, घरात कोणालाच नव्हता. पतसंस्थेचं दार आधीपासूनच बंद पडलेलं, ते पैसे आजही अडकलेलेच आहेत.

विम्याचे तीन लाख आले ते होलसेलवाल्यांना दिले. दुकानातला माल निम्म्या भावात गेला, तो दुकानाच्या थकलेल्या भाड्यात आणि घरखर्चात संपला. राहिले द्यायचे दीड लाख. तेव्हा घराचा खर्च काटकसर करून महिन्याला पंधरा हजार. मी त्या लाल वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं, "वजा दहा महिने". म्हणजे दहा महिने घर चालेल एवढं आमच्यावर देणं. तेव्हापासून मी पैसा लाखात मोजतच नाही, महिन्यांत मोजते. आपल्याकडे जे आहे त्यात हे घर किती महिने चालेल, बस. दर एक तारखेला तो आकडा लिहायचा.

काम कसं मिळालं ते सांगते. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. गांधीबागच्या कापडवाल्यांना आधी कापडावर व्हॅटच नव्हता, त्यांच्यावर एकदम ५ टक्के जीएसटी आणि वरून दर महिन्याची रिटर्नं. सगळ्या टॅक्सवाल्यांकडे माणसं कमी पडून राहिली होती. धरमपेठेत एका ऑफिसात मला आठ हजारावर ठेवलं, अट एकच की स्वतःचा लॅपटॉप आणा.

लॅपटॉपला पैसे कुठून आणायचे? आमच्या गल्लीत भिशी होती, वीस बाया, हजार-हजार. मी त्यात होती पण माझा नंबर कधी लागेल सांगता येत नव्हतं. त्या महिन्याची भिशी आमच्याच घरी होती, चिवडा आणि चहा, चिठ्ठ्या वाटीत टाकलेल्या. समोरच्या काकूंनी वाटी उचलली, चिठ्ठ्या काढल्याच नाहीत, वाटी तशीच फडताळात ठेवून दिली आणि म्हणाल्या, या महिन्याची हिची. कोणी काही बोललं नाही. वीस हजार माझ्या पदरात. अठरा हजारात बर्डीवरून सेकंडहँड लॅपटॉप घेतला, तो २०२२ पर्यंत चालला.

दीड वर्ष ऑफिसात काढलं. मग माझी स्वतःची माणसं यायला लागली. पहिला जो आला त्याने बिलं पन्नीत भरून आणली होती, थर्मल कागदाची, अर्धी उडालेली, उन्हात धरून वाचावी लागत. ती मी तारखेप्रमाणे कोऱ्या कागदांवर चिकटवली आणि फाईल करून त्याला परत दिली. तो ती फाईल शेजारच्या चार दुकानांत दाखवून आला. आज माझ्याकडे ७२ जण आहेत, कोणी पाचशे देतो कोणी दीड हजार, महिन्याला सरासरी पासष्ट हजार येतात, जुलैत इन्कम टॅक्स रिटर्नमुळे जास्त.

पैशाचा क्रम असा राहिला. आधी देणं फेडलं, मार्च २०१९ ला वहीत "शून्य" लिहिलं. त्या दिवशी आईंनी पुरणपोळी केली, सण नसताना. मग त्याच वर्षी टर्म विमा (मी गेली तरच पैसे मिळतात असा) ७५ लाखाचा, वर्षाला साडेबारा हजार. मेडिक्लेम पाच लाखाचा. पोस्टात लेकीचं सुकन्या खातं मी २०१८ मध्येच उघडलं होतं, ती दहाची व्हायच्या आत, कारण त्यानंतर उघडता येत नाही, सुरुवातीला जेवढं कमीत कमी लागतं तेवढंच भरलं, आता महिन्याला तीन हजार. पीपीएफ. आणि निफ्टीच्या इंडेक्स फंडात, म्हणजे शेअर बाजारातल्या मोठ्या पन्नास कंपन्यांत, महिन्याला दोन हजाराची एसआयपी, डायरेक्ट प्लॅन म्हणजे मधे एजंट नाही, आता ती पंधरा हजारावर आहे. वेगळं करून ठेवलेली एफडी तीन लाखाची, तिला हात लावत नाही.

आज घरखर्च ४२ हजार, त्यात दोघांच्या फिया, आईंची औषधं, उन्हाळ्यात दोन कूलरचं बिल सगळं धरून सरासरी. आणि जमा, सुकन्या सोडून कारण ते लेकीचं आहे, साधारण पंधरा लाख. १ जानेवारीला वहीत लिहिलं, "पस्तीस महिने".

तुमच्या भाषेत, म्हणजे वर्षाच्या खर्चाच्या पंचवीस-तीस पट जमा झाली की काम सोडता येतं या हिशोबाने, मला तीस पट धरून दीड कोटी पाहिजेत, म्हणजे मी दहाव्या हिश्श्यावर आहे. हे मला माहीत आहे. पण एक गोष्ट सांगते. २०१७-१८ चं पूर्ण वर्ष पोरांची फी माझ्या दिरांनी भरली. दर तीन महिन्यांनी मला फोन करावा लागे, भाऊजी, फीची तारीख आली. त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही, देव माणूस आहे, तरी फोन करायच्या आधी मी दोन दिवस मनात वाक्यं जुळवत असे. २०१९ च्या दिवाळीत मी ते चोवीस हजार पाकिटात घालून नेले. त्यांनी घेतले नाहीत. जाऊबाईंनी मात्र माझ्याकडे पाहिलं, पाकीट घेतलं आणि देवापाशी ठेवलं. त्यांना कळलं की मला देणं गरजेचं आहे. माझं स्वातंत्र्य त्या दिवशी सुरू झालं असं मी धरते.

तुम्ही कसं मोजता ते लिहा. आणि माझ्या हिशोबात काही चुकत असेल तर स्पष्ट सांगा.

*

तर्रीपोहे
११ जानेवारी, रात्री ११:४८

ताई, वाचून झोप उडाली. भिशीवाल्या काकूंना माझा नमस्कार सांगा. आमच्या नंदनवनमध्ये पण माझ्या आईने भिशीच्याच पैशावर मला डिप्लोमाला टाकलं होतं, त्यामुळे ते वाटीचं वाचून डोळ्यात पाणी आलं.

महिन्यांत मोजायचं हे मी उद्यापासून चालू करून राहिलो. माझं आत्ताच मनातल्या मनात केलं तर दीड महिना आला. गाडीचा हप्ता, मोबाईलचा हप्ता, पगार आला की गेला.

*

कामठीरोड_वकील
१२ जानेवारी, सकाळी ८:२०

तुमचा अनुभव वाचून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटल्या, तुमच्यासाठी उशीर झाला असला तरी इतरांसाठी.

एक, नवऱ्याचं कर्ज बायकोने स्वतःच्या पैशातून फेडलंच पाहिजे असा कायदा नाही. वारसाला जेवढी मालमत्ता मिळाली तेवढ्यापुरतीच जबाबदारी येते, तीही तुम्ही स्वतः जामीनदार म्हणून सही केलेली नसेल तर. बऱ्याच बायका दबावाखाली स्वतःचे दागिने मोडून देणी भागवतात.

दोन, धंदा करणाऱ्या प्रत्येक नवऱ्याने टर्म विमा घेताना १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली घ्यावा, सगळे त्याला एमडब्ल्यूपी म्हणतात. एक जास्तीचा फॉर्म असतो, पॉलिसी घेतानाच भरायचा, नंतर जमत नाही. मग ते पैसे बायको आणि मुलांच्या नावाने ट्रस्टसारखे राहतात, धंद्यातले घेणेकरी त्यावर हात टाकू शकत नाहीत. दीडशे वर्षं जुना कायदा आहे आणि दहात एकालाही माहीत नसतो.

अजून एक, बहुतेक ठिकाणी नॉमिनी म्हणजे मालक नाही. तो पैसे ताब्यात घेतो, हक्क वारसांचा राहतो. शेअरच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. म्हणून घर सासूबाईंच्या नावावर आहे तर मृत्युपत्राचं बघा, दोन साक्षीदार लागतात, रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण केलेलं बरं.

*

महालची_आई
१२ जानेवारी, दुपारी २:१५

वकील साहेब, मनापासून आभार. मृत्युपत्र २०२२ मध्ये झालं, भाऊजींना आधी विचारून, त्यांच्यासमोर. आईंनीच विषय काढला, मी काढला नसता.

एमडब्ल्यूपीचं मला तेव्हा माहीत नव्हतं. आता माझ्याकडे जे दुकानदार येतात त्यांना मी रिटर्न भरताना हे सांगते, आत्तापर्यंत सहा जणांनी तशी पॉलिसी घेतली.

पण देणं भागवल्याचं मला वाईट वाटत नाही. मला याच महाल-इतवारीत राहायचं होतं, पोरांना इथूनच शाळेत न्यायचं होतं. आणि ज्या होलसेलवाल्याला मी शेवटचे चाळीस हजार मार्च २०१९ ला नेऊन दिले, त्याने पावती फाडली, स्वतःची वही समोर धरून यांच्या नावावर रेघ मारली आणि विचारलं, वहिनी, आता काय करता? मी सांगितलं जीएसटीचं काम करते. त्या एका माणसाकडून आजपर्यंत अकरा क्लायंट आले.

*

वर्धा_रोडवाला
१२ जानेवारी, रात्री ९:०५

महालच्या ताई, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून आकड्यांबद्दल बोलतो, कारण तुम्ही स्पष्ट सांगा म्हणालात.

हे वर्षाच्या खर्चाच्या पंचवीस पटीचं गणित विल्यम बेन्गेन नावाच्या अमेरिकन सल्लागाराच्या १९९४ च्या लेखातून आलं. त्याने अमेरिकेचे शेअर आणि सरकारी रोखे घेऊन पाहिलं की पहिल्या वर्षी ४ टक्के काढले आणि पुढे महागाईप्रमाणे वाढवत नेले तर तीस वर्षं पैसे पुरतात का. म्हणजे तीस वर्षं, आणि तिकडची महागाई. तुम्ही आज चाळिशीत आहात, तुम्हाला चाळीस-पंचेचाळीस वर्षं धरावी लागतील, आणि आपल्याकडे शाळा-दवाखान्याचा खर्च साध्या महागाईपेक्षा जोरात वाढतो. तुम्ही दीड कोटी म्हणजे तीस पट धरलं ते बरोबर केलं, मी तर पस्तीस धरीन.

दुसरं, तुमचे पस्तीस महिने हा आकडा सगळं मिळून आहे. पीपीएफला पंधरा वर्षांचं लॉक आहे, मधे काढायला अटी आहेत. आणि फंडाचे पैसे ज्या दिवशी लागतील त्या दिवशी बाजार पडलेला असू शकतो. २३ मार्च २०२० ला निफ्टी ७६१० वर बंद झाला होता, जानेवारीत तो बारा हजाराच्या वर होता. त्या दिवशी तुमचे महिने किती झाले असते?

*

महालची_आई
१२ जानेवारी, रात्री १०:३०

हा प्रश्न मला आवडला, कारण तो दिवस मी पाहिलाय. तेव्हा माझी एसआयपी वर्षभराचीच होती, जमा थोडीच. पण खरा फटका तिथे बसला नाही. लॉकडाऊनमध्ये गांधीबाग, इतवारी सगळं बंद, दुकानं बंद तर माझी फी कोण देणार. रिटर्नच्या तारखा सरकारने पुढे ढकलल्या, आमचं काम पण पुढे गेलं आणि पैसे पण. एप्रिल ते जुलै मी एसआयपी थांबवली, तेव्हाची एफडी मोडली, तीन महिने त्यावर घर चाललं. नोव्हेंबरमध्ये निफ्टी तेरा हजाराच्या वर गेला तेव्हा कळलं की मी नेमके स्वस्तातले महिने सोडले. पण मी ते चुकलं असं म्हणत नाही. घरात डाळ-तांदूळ होतं आणि कोणाला फोन करावा लागला नाही, एफडी त्यासाठीच होती.

तुमचं म्हणणं बरोबर आहे की सगळे महिने सारखे नाहीत. आत्ता वही काढून वेगळे केले. हातातले, म्हणजे एफडीचे, सात महिने. फंडाचे आजच्या भावाने वीस, बाजार तीस-चाळीस टक्के पडला तर बारा ते चौदा धरायचे. पीपीएफचे आठ, ते लांबचे. पुढच्या एक तारखेपासून तीन रकाने करते. तुम्ही लिहिलं नसतं तर मी एकाच आकड्यावर खूश राहिली असती.

*

बेसा_पिपळा
१३ जानेवारी, सकाळी ७:५०

वहिनी एक सांगू का, रागावू नका. नागपुरात राहून प्लॉट कसा नाही घेतला तुम्ही? समृद्धी महामार्ग झाला, विमानतळाजवळ मिहानमध्ये आयटी कंपन्या आहेत, माझ्या मोठ्या भावाने २०१२ मध्ये घेतलेला आज कुठल्या कुठे गेला. फंडबिंड ठीक आहे पण जमीन ती जमीन.

*

महालची_आई
१३ जानेवारी, दुपारी १:४०

भाऊ, रागवायचं काय त्यात. माझा सख्खा भाऊच २०२० मध्ये किती मागे लागला होता. बेसाच्या पुढे एक लेआउट, हप्त्यावर. मी कागद मागितले. एनए (बिगरशेती परवानगी) नाही, आरएल (लेआउट मंजुरीचं रिलीज लेटर) नाही, नुसता नकाशा आणि रंगीत ब्रोशर, ऑफिसातला पोट्टा म्हणाला होऊन जाईल मॅडम, सगळ्यांचं होतं. माझ्याकडे पतसंस्थेची पावती घरात पडलेली आहे, "होऊन जाईल" या शब्दावर मी पैसे टाकू शकत नाही. आणि प्लॉट पंधरा लाखाचा असला तरी फीच्या तारखेला त्यातला दहा बाय दहाचा तुकडा विकता येत नाही. ज्यांच्याकडे बाकीचं सगळं उभं आहे आणि कागद पक्के आहेत त्यांनी घ्यावा, त्यांना लाभो.

*

निवृत्त_मास्तर
१३ जानेवारी, संध्याकाळी ६:२५

ताईंनी पतसंस्थेचा उल्लेख केला म्हणून लिहितो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तेहेतीस वर्षं नोकरी केली. निवृत्तीचे पैसे हातात आले तेव्हा बँकेपेक्षा दीड टक्का जास्त मिळतो म्हणून मीही काही रक्कम पतसंस्थेत ठेवली होती. माझे परत आले, पण माझ्या सोबतच्या दोन शिक्षकांचे आले नाहीत. एकाने मुलीचं लग्न पुढे ढकललं.

लोकांना फरक माहीत नसतो. सहकारी बँकेला रिझर्व्ह बँकेचा परवाना असतो, तिथे ठेवीला ५ लाखापर्यंत विमा संरक्षण आहे, फेब्रुवारी २०२० आधी ते १ लाखच होतं. पतसंस्थेला हे संरक्षण नाही. पाटीवर दोन्हीकडे "सहकारी" लिहिलेलं असतं, आतली माणसं ओळखीची असतात, आपण विश्वास ठेवतो. आता माझे पैसे पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत आहेत, ८.२ टक्के, दर तिमाहीला व्याज खात्यात येतं.

आणि ताई, तुमच्या सासूबाईंचं वय काय? सत्तर पूर्ण असेल तर आयुष्मान कार्ड करून घ्या, उत्पन्नाची अट नाही, ५ लाखाचं आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालंय.

*

महालची_आई
१३ जानेवारी, रात्री ११:५५

सर, आई ७४ च्या आहेत. कार्ड मागच्या उन्हाळ्यात काढलं, बोटांचे ठसे मशीनवर येईनात, आयुष्यभर भांडी घासून पुसले गेले म्हणाल्या त्या, शेवटी चेहरा दाखवून झालं. तुमच्या सोबतच्या शिक्षकांचं वाचून फार वाईट वाटलं. क्वार्टरलीवाले आत्ता संपले, झोपते.

*

मनीषनगरची
१४ जानेवारी, सकाळी ११:३०

सगळ्यांना संक्रांतीच्या शुभेच्छा, तिळगूळ घ्या गोड बोला.

ताई मी तुमचा धागा तीनदा वाचला. माझं वय ३३, मी आणि नवरा दोघंही मिहानमध्ये, मुलगी अडीच वर्षांची. पगार दोघांचा चांगला आहे, तरीही मला काहीच माहीत नाही हे मला परवा कळलं. फ्लॅटचं लोन आहे, किती राहिलं माहीत नाही. विमा आहे, कोणता माहीत नाही. सगळं नवराच बघतो आणि तो चांगलाच बघतो, पण मी विचारलं तर त्याला वाटेल का की मी संशय घेऊन राहिली? सुरुवात कुठून करायची?

*

महालची_आई
१४ जानेवारी, दुपारी ३:१०

बाळा, संशय वाटणार नाही, तू कसं विचारतेस त्यावर आहे. माझे हे खूप चांगले होते, त्यांनी लपवलं असं काही नव्हतं, मी विचारलंच नाही आणि त्यांनी सांगितलंच नाही, दोघांनाही वाटलं वेळ आहे.

आज हळदीकुंकवाची गडबड असेल, रविवारी कर. मुलीला झोपवून दोघं एका टेबलावर बसा. त्याला म्हण की मला एक वही करायची आहे, तू सांग मी लिहिते. कोणत्या बँकेत कोणतं खातं, नॉमिनी कोण. लोनचं स्टेटमेंट काढायला सांग आणि त्यात शेवटच्या हप्त्याची तारीख बघ, कारण २०२२-२३ मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँकेचा दर ज्यावर लोनचं व्याज हलतं, ४ वरून साडेसहापर्यंत गेला तेव्हा बऱ्याच जणांचा हप्ता तेवढाच राहिला आणि वर्षं वाढली, लोकांच्या लक्षातच आलं नाही. फ्लोटिंग लोन असेल तर आधी फेडायला दंड नाही.

विम्याची पॉलिसी स्वतः हातात धरून वाच. प्रीमियम किती आणि मिळणार किती हे दोन आकडे शेजारी लिही. प्रीमियम पन्नास हजार आणि कव्हर पाच लाख असं काही दिसलं तर तो विमा नाही, बचत आहे, आणि ती पण कमी व्याजाची. आधी टर्म घ्या, मग त्या जुन्याचं काय करायचं ते ठरवा, आधी बंद करू नका. आता तर वैयक्तिक आयुर्विमा आणि मेडिक्लेमवरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेलाय.

आणि पीएफचं बघा दोघांनी. नोकरी लागली तेव्हा लग्न झालेलं नसतं, नॉमिनी आई किंवा बाबा टाकलेले असतात.

*

कामठीरोड_वकील
१४ जानेवारी, रात्री ८:४०

पीएफबद्दल ताईंनी महत्त्वाचं सांगितलं. लग्नाआधी केलेलं पीएफचं नामांकन लग्नानंतर कायद्याने रद्द ठरतं, नवीन करावंच लागतं. ऑनलाईन होतं, त्याला ई-नॉमिनेशन म्हणतात. मुलीचं नावही कुटुंबात टाका.

*

तर्रीपोहे
१५ जानेवारी, रात्री १०:१५

ताई एक विचारायचं राहून गेलं. पोरांना हे सगळं सांगता का तुम्ही? का त्यांना या ताणापासून लांब ठेवता? माझा पोरगा आठवीत आहे, मागितलं की मिळतं असं त्याला वाटते, आणि चूक माझीच आहे.

*

महालची_आई
१५ जानेवारी, रात्री ११:२०

लेकीला सगळं माहीत आहे, ती दहावीत आहे. १ तारखेचा आकडा वहीत तीच लिहिते आता, दीड वर्ष झालं. तिला आर्किटेक्चर करायचं आहे. सुकन्यातले पैसे तिला अठरा पूर्ण झाल्यावर किंवा दहावी झाल्यावर शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत काढता येतात, ती स्वतः पोस्टात जाऊन विचारून आली. मी तिला सांगितलंय की माझ्या फंडातून मी अमुक एवढे देईन, बाकी शिक्षणकर्ज तुझ्या नावावर, कारण मी सगळं तुझ्यावर लावलं तर म्हातारपणी मी तुला फोन करीन, तुझ्या फीसाठी मी काकांना करत होती तसा. ती गप्प बसली थोडा वेळ. मग म्हणाली, ठीक आहे.

मुलगा अकराचा आहे. त्याला तान्ह्या पोळ्याचा बोजारा मिळतो, लाकडाचा नंदी घेऊन सगळ्या गल्लीत फिरतो, दहा-दहाच्या नोटा. मागच्या पोळ्याला ३४० रुपये जमले. त्याने विचारलं याचे किती महिने होतात. मी म्हटलं आपल्या घराचे तर सहा तास. तो नोटा घेऊन आजीकडे गेला आणि तिला म्हणाला, आजी, आज दुपारपर्यंतचं घर माझ्याकडून. आईंनी त्यातली एक दहाची नोट ठेवून घेतली, अजून त्यांच्या पोथीत आहे.

तुमच्या पोराला किराण्याची यादी आणि पैसे देऊन बाजारात पाठवून बघा दोन-चार वेळा, ताण येत नाही, उलट मोठं झाल्यासारखं वाटतं त्यांना.

*

मनीषनगरची
१८ जानेवारी, रात्री ९:५०

ताई, झाली वही. दुपारी दोन ते साडेपाच बसलो. नवरा सुरुवातीला थोडा चिडला, कागद सापडेनात म्हणून, मग तोच म्हणाला बरं झालं.

लोन २०४१ ला संपणार होतं, आता स्टेटमेंटवर २०४६ आहे. त्यालाही माहीत नव्हतं. हप्ता तीन हजाराने वाढवून घ्यायला उद्या बँकेत जाणार आहोत. विमा म्हणजे दोन पॉलिसी, प्रीमियम ७२ हजार, कव्हर अकरा लाख. टर्मचं बघायला घेतलं. पीएफला त्याच्याकडे अजून त्याचे बाबा होते आणि माझ्याकडे माझी आई. दोघांचं ई-नॉमिनेशन केलं, ओटीपी दोनदा गेला, तिसऱ्यांदा आला, झालं.

आणि आमचे महिने काढले. हातातले तीन, फंडाचे नऊ. मला वाटलं होतं आम्ही श्रीमंत आहोत.

*

महालची_आई
१८ जानेवारी, रात्री १०:२५

शाब्बास. तीन म्हणजे बरेच आहेत, मी वजा दहावरून निघाली होती. आता त्या वहीचा एक फोटो तुझ्या आईकडे किंवा भावाकडे ठेव, म्हणजे वही कुठे आहे हे तुम्हा दोघांशिवाय अजून एकाला माहीत पाहिजे. लॉकर असेल तर चावीचं पण लिही, राहून जातं.

मला परवा वीस तारीख आहे, ३बी चे, म्हणजे कर भरायच्या महिन्याच्या रिटर्नचे, अजून एकोणतीस बाकी आहेत, एक जण बिलं घेऊन खाली उभाच आहे आत्ता. वीसनंतर लिहिते.